एफ कॉर्डचा दोष बोटांच्या माथी नको

वार्षिक परीक्षा आटोपल्या की ठाणे, कल्याण, डोंबिवलीत गिटारचे क्लास भरू लागतात. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींचे जिने असोत की डोंबिवली पूर्वेच्या गल्ल्या, संध्याकाळी पाठीवर काळी बॅग अडकवलेली मुले हमखास दिसतात. जूनमध्ये शाळा उघडते, पाऊस लागतो आणि गणपती येईपर्यंत वर्ग विरळ झालेला असतो. पालकांना विचारले तर अभ्यास वाढला, ट्यूशनची आणि क्लासची वेळ एकच आली, अशी कारणे मिळतात. ती खरीही असतात. पण शिकवणाऱ्यांना आणखी एक कारण पक्के ठाऊक असते, ते म्हणजे एफ.

तोवर सी, जी, डी, ए मायनर, ई मायनर हे कॉर्ड बऱ्यापैकी वाजू लागलेले असतात. एखादे गाणे अडखळत का होईना, शेवटपर्यंत जाते. मग एफ मेजर येतो आणि त्याच हातातून बोदा, खटखटीत आवाज निघू लागतो. मागोमाग बी मायनर येतो आणि तिथेही तीच गत होते. मूल घरी येऊन सांगते, माझी बोटे लहान आहेत, माझ्या हातात जोरच नाही. घरचे ते मान्य करतात आणि गिटार कपाटावर जाते. बहुतेक वेळा हा निकाल चुकीचा असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. या अपयशात बोटांचा वाटा असतो, पण वाद्याचा वाटा त्याहून मोठा असू शकतो, आणि तो कोणी तपासतच नाही.

एफ नेमका कुठे अडतो ते जवळून पाहू. पूर्ण एफमध्ये तर्जनी पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांनी पडलेल्या पहिल्या घरात, सहाही तारांवर आडवी ठेवायची असते. यालाच बार म्हणतात. मधले बोट तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर आणि करंगळी तिच्या शेजारी, चौथ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर. मुलाला वाटते, तर्जनीने सहा तारा दाबायच्या आहेत. प्रत्यक्षात तिसरी, चौथी आणि पाचवी तार इतर बोटांनी पुढच्या फ्रेटवर दाबलेली असते, त्यामुळे तर्जनीचे काम उरते तीनच तारांचे: सहावी, दुसरी आणि पहिली. ही गोष्ट कोणी सांगितली नाही तर मूल पूर्ण बोट लोखंडासारखे ताठ करते, मागून अंगठ्याने चिमटा काढल्यासारखे दाबते आणि दोन मिनिटांत अंगठा व तर्जनी यांच्यामधला मांसल भाग दुखू लागतो. दुसरी तार मात्र तरीही वाजत नाही, कारण ती नेमकी तर्जनीच्या पेराच्या घडीत, खळग्यात बसलेली असते. बोट दोन-तीन मिलिमीटर वर सरकवले, किंचित अंगठ्याच्या बाजूला कलते केले, म्हणजे मऊ मांसाऐवजी कडेचा हाडाचा भाग तारेवर येतो आणि तीच तार स्वच्छ बोलू लागते. इथे जोर वाढवावा लागत नाही, बोटाची जागा बदलावी लागते.

बी मायनरची अडचण थोडी निराळी. तिथे तर्जनी दुसऱ्या फ्रेटवर असते आणि तिच्या वाट्याला खरे म्हणजे पाचवी आणि पहिली अशा दोनच तारा येतात. उरलेली तीन बोटे मात्र दाटीवाटीने एकमेकांना खेटून बसवावी लागतात आणि करंगळी ऐनवेळी दगा देते. तरीही अनेक मुलांना बी मायनर एफच्या आधी जमतो, आणि याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

गिटारच्या मानेच्या टोकाला, तारा जिथून खुंट्यांकडे वळतात तिथे, खाचा पाडलेला एक आडवा तुकडा असतो. त्याला नट म्हणतात. चांगल्या गिटारला तो बहुधा हाडाचा असतो, स्वस्त गिटारला प्लॅस्टिकचा. पहिला फ्रेट त्याला अगदी लागून असल्याने तिथे तार वाकवायला जागा कमी मिळते आणि जोर जास्त लागतो. त्यातच फ्रेटमधले अंतरही तिथे सर्वांत मोठे. नटापासून तारांच्या दुसऱ्या टोकाच्या ब्रिजपर्यंत ६४८ मिलिमीटर लांबी असलेल्या गिटारवर पहिला फ्रेट नटापासून सुमारे ३६ मिलिमीटरवर येतो, तर चौथ्या आणि पाचव्या फ्रेटमधले अंतर २९ मिलिमीटरच्या आत असते. म्हणजे एफ हा कॉर्ड वाद्याच्या सर्वांत रुंद आणि सर्वांत कडक जागी आहे, तर बी मायनर त्याच्या एक घर पुढे. हे झाले उत्तम जुळवलेल्या गिटारचे. कारखान्यातून येणाऱ्या स्वस्त गिटारमध्ये नटाच्या खाचा बहुधा पुरेशा खोल कापलेल्या नसतात. खाच थोडी उथळ राहिली तर तार फार तर दाबायला कडक लागते, पण जास्त खोल गेली तर तार फ्रेटवर घासते आणि गिऱ्हाईक गिटार परत आणते. त्यामुळे बनवणारा उथळ खाचेच्या बाजूने चुकणे पसंत करतो. त्याची किंमत मोजतो तो पहिल्या फ्रेटवर एफ दाबणारा विद्यार्थी.

हे तपासायला मोठे ज्ञान लागत नाही. एक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तार व धातूची पट्टी यांच्यामध्ये किती फट उरते ते पाहा. कागदाइतकी बारीक फट दिसली तर नट ठीक आहे. तिथून सहज प्रकाश दिसत असेल तर खाचा खोल करून घ्यायला हव्यात. दुसरी परीक्षा आणखी सोपी आहे. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकत्र दाबून धरणारा चिमटा, लावा आणि एफचा तोच आकार एक घर पुढे धरा. कॅपोने नटाला खेळातून बाजूला केलेले असते. आता तोच हात, तेच बोट आणि तीच ताकद असताना कॉर्ड एकदम सोपा वाटला तर दोष कुणाचा, हे तिथेच कळते. प्रत्येक क्लासमध्ये एफ शिकवण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक मुलाच्या गिटारची ही परीक्षा व्हावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

आपल्या भागात यात पावसाचीही भर पडते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत खाडीकाठच्या या शहरांत हवेत इतका ओलावा असतो की लाकूड फुगते. सबंध लाकडाच्या गिटारचा पुढचा फळा थोडा वर येतो, त्यासोबत ब्रिज उचलला जातो आणि तारा फ्रेटबोर्डपासून दूर जातात. प्लायवूडच्या गिटारला हा त्रास कमी होतो, पण तिच्या तारा तेवढ्याच गंजतात. गंजलेली तार खरखरीत होते, बोटाला सोलते आणि सुरातही राहत नाही. डोंबिवलीहून ठाण्याला लोकलने क्लासला जाणाऱ्यांची आणखी एक अडचण असते. गर्दीच्या डब्यात मऊ बॅगेतली गिटार उभी धरली की मान आणि खुंट्या दाबल्या जातात. बॅग ओली झाली तर ती तशीच बंद ठेवू नये, घरी येताच गिटार बाहेर काढून पुसावी, तारांवरून कोरडे फडके फिरवावे. मे महिन्यात शिकायला सुरुवात केलेले मूल नेमके जुलैमध्ये एफपर्यंत येते, म्हणजे वाद्य सर्वांत वाईट अवस्थेत असताना सर्वांत अवघड कॉर्ड समोर येतो. या योगायोगाचा विचार क्लासच्या वेळापत्रकात कोणी केलेला आमच्या पाहण्यात नाही.

घरातल्या आजी-आजोबांना ही अडचण चटकन समजत नाही, आणि त्यालाही इतिहास आहे. साठ-सत्तरच्या दशकांत मध्यमवर्गीय घरांत आणि रेडिओवर गिटार म्हटले की मुख्यतः हवाईयन गिटार आठवे. ती मांडीवर आडवी ठेवून डाव्या हातातला धातूचा दांडा तारांवरून सरकवून वाजवली जाई. पं. ब्रिजभूषण काब्रा यांनी त्याच पद्धतीने शास्त्रीय संगीत वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतची त्यांची १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका अनेक मराठी घरांत आजही ऐकली जाते. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा याच घराण्यातली. त्या वादनात मींड महत्त्वाची असते आणि बोटांनी सहा तारा एकत्र दाबण्याचा प्रश्नच येत नाही. मुलांच्या हातात आज असलेली, पूर्वी स्पॅनिश म्हणून ओळखली जाणारी गिटार कॉर्डवर उभी आहे. दोन्हींचे नाव एक असले तरी डाव्या हाताची मेहनत पूर्णपणे वेगळी आहे.

आता एफ टाळता येईल का, हा प्रश्न. त्याचे उत्तर पट्टीत दडलेले आहे. ठाण्यात पं. राम मराठे यांच्या नावाने संगीत समारोह होतो, कल्याणात गायन समाज आहे. या भागातल्या कितीतरी घरांत गिटारच्या आधी पेटी आलेली आहे. त्यामुळे इथल्या मुलाची पहिली साथ बहुधा घरातल्या कुणाच्या तरी गाण्याला असते. गाणारा पट्टी सांगतो ती पेटीच्या भाषेत. पांढरी एक म्हणजे सी. या पट्टीत मध्यमाचा कॉर्ड एफ, त्यामुळे बरीच साधी गाणीही एफशिवाय पुढे जात नाहीत. पुरुषांची आवडती काळी एक घेतली तर सी शार्प, एफ शार्प, जी शार्प असे तिन्ही मुख्य कॉर्ड बारचे. बायकांच्या काळी चार, काळी पाचची तीच कथा. नवशिक्याने इथे हात टेकू नयेत. काळी एक हवी असेल तर चौथ्या फ्रेटवर कॅपो लावून ए, डी आणि ई हे आकार वाजवावेत. काळी चारसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि जी, सी, डी. काळी पाचसाठी तिसऱ्या फ्रेटवर कॅपो आणि पुन्हा जी, सी, डी. यात एकही बार कॉर्ड नाही. गणपतीच्या आरतीला किंवा सोसायटीच्या कार्यक्रमात साथ करायची असेल तर पहिल्या वर्षी एवढे पुरते, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही.

रागांकडे पाहिले तर चित्र आणखी मनोरंजक होते. भूपात मध्यम वर्ज्य. पांढरी एकमध्ये भूपाचे गाणे असेल तर त्याच्या पाच सुरांतून सी मेजर आणि ए मायनर हे कॉर्ड तयार होतात, एफला तिथे जागाच नाही. यमनात मध्यम तीव्र, म्हणजे एफच्या जागी एफ शार्प येतो. एफ कॉर्ड सुटला, पण त्या सुरांतून बी मायनर मात्र उभा राहतो. भैरवी पांढरी एकमध्ये धरली तर नवशिक्याच्या दृष्टीने सगळेच कॉर्ड बारचे होतात. तीच भैरवी पांढरी तीनमध्ये, म्हणजे ई षड्ज मानून धरली, तर सगळे सूर पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. ई मायनर, ए मायनर, सी, जी, डी मायनर हे सोपे कॉर्ड मिळतात, आणि कोमल रिषभावर पुन्हा एफ भेटतो. रागसंगीताला कॉर्ड लावावेत की नाही यावर मतभेद आहेत आणि राहतील. पण गाणे शिकलेल्या घरातल्या मुलाला कॉर्डची अडचण सारेगमच्या भाषेत सांगितली तर ती फार लवकर समजते, हा फायदा आपल्या शिक्षकांनी सोडू नये.

टाळणे आणि पुढे ढकलणे यांत मात्र फरक करायला हवा. सात दिवसांत गाणे वाजवा, एफशिवाय शंभर गाणी, अशा जाहिराती करणारे क्लास मुलाला पहिल्या महिन्यात खूश करतात आणि मग कायम कॅपोला बांधून ठेवतात. दुसऱ्या टोकाला काही कडक शिक्षक तिसऱ्या-चौथ्या तासालाच पूर्ण एफ देतात आणि जो टिकेल तो टिकेल म्हणतात. आम्हाला दोन्ही रीती मान्य नाहीत. मुलाच्या हाताला एफपर्यंत नेणाऱ्या पायऱ्या आहेत आणि त्या दिल्या पाहिजेत. सुरुवातीला पहिली तार मोकळी सोडून एफ मेजर सेव्हन: चौथी तार तिसऱ्या फ्रेटवर, तिसरी दुसऱ्यावर, दुसरी पहिल्यावर. ऐकायला तो गोड आहे आणि पुष्कळ गाण्यांत एफच्या जागी चालून जातो. मग छोटा एफ, ज्यात तर्जनीने फक्त पहिल्या दोन तारा दाबायच्या. सीवरून या छोट्या एफवर जाताना हात कसा हलतो ते नीट पाहण्यासारखे आहे. अनामिका पाचव्या तारेवरून चौथ्या तारेवर येते, मधले बोट चौथ्यावरून तिसऱ्यावर येते, दोघांचे फ्रेट तेच राहतात. तर्जनी जागची हलतच नाही, फक्त आडवी होऊन शेजारची तार सोबत घेते. म्हणजे दोन बोटे एकाच दिशेने एकेक तार सरकली आणि तिसरे जरा कलंडले. सुरुवातीला मूल तिन्ही बोटे उचलून हवेत नेते आणि पुन्हा एकेक करून ठेवते, म्हणून ताल तुटतो. तर्जनी न उचलता हा बदल सावकाश, तोंडाने चार मात्रा मोजत करायला लावला तर त्याला कळते की हे दोन कॉर्ड एकमेकांचे शेजारी आहेत.

पूर्ण बार शिकवावा तो पाचव्या फ्रेटवर. तिथे घरे अरुंद आहेत आणि नट दूर आहे. तोच आकार तिथे धरला की ए मेजर वाजतो. तो स्वच्छ झाला की चौथ्या फ्रेटवर, मग तिसऱ्यावर, असे एकेक घर मागे येत पहिल्यावर पोहोचावे. प्रत्येक ठिकाणी आधी तार-तार वेगळी छेडून बघावी, मगच स्ट्रमिंग करावे. कोपर अंगाजवळ आणून हाताच्या वजनाने मान मागे ओढली तर अंगठ्याला चिमटा काढावा लागत नाही. एका बैठकीत बारचा सराव चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त नको, दिवसातून दोनदा बसले तरी चालेल. बोटांची टोके पहिले काही आठवडे हुळहुळतात, त्याची काळजी करू नये. मनगट किंवा कोपर दुखत असेल तर मात्र तिथेच थांबावे आणि बसण्याची, हाताची पद्धत शिक्षकांना दाखवावी. तो त्रास सोसत वाजवण्यात शहाणपण नाही.

हे सगळे कशासाठी, असे मूल विचारणारच. त्याला ई मेजर वाजवायला सांगा. आता तोच आकार तर्जनी मोकळी ठेवून उरलेल्या तीन बोटांनी धरायला लावा, एक फ्रेट पुढे सरकवा आणि तर्जनी मागे आडवी टाका. हाच एफ. तर्जनी म्हणजे चालता-फिरता नट. आणखी एक फ्रेट पुढे गेले की एफ शार्प, मग जी, असे बारा सुरांचे बारा मेजर कॉर्ड एकाच आकारात मिळतात. ई मायनर, ए मेजर आणि ए मायनर यांचे आकारही असेच सरकतात. चार आकार आणि बारा जागा, म्हणजे ४८ पर्याय. बी मायनर हा ए मायनरचाच दोन फ्रेट पुढे सरकलेला आकार आहे. ज्याला हे जमले त्याला गायकाने ऐनवेळी पट्टी अर्ध्या सुराने चढवली तरी घाम फुटत नाही. म्हणूनच एफ सोडून द्यावा असे आम्ही म्हणत नाही, तो योग्य वेळी आणि योग्य वाद्यावर यावा एवढाच आग्रह आहे.

काही हातांना मात्र खरोखर मर्यादा असतात, हेही मान्य केले पाहिजे. गायिका-गिटारवादक जोनी मिचेल यांना लहानपणी पोलिओ झाला आणि डावा हात अशक्त राहिला. त्यांनी तारा निराळ्या सुरांत लावून आपले वेगळे कॉर्ड शोधले. ब्लॅक सबाथ या बँडचे गिटारवादक टोनी आयोमी यांची तारा दाबणाऱ्या हाताच्या दोन बोटांची टोके १७ व्या वर्षी कारखान्यातल्या अपघातात तुटली. त्यांनी बोटांना प्लॅस्टिकच्या टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या आणि पुढे गिटारचा सूरही उतरवला. या दोघांनी वाद्य आपल्या हाताप्रमाणे बदलून घेतले. आपल्याकडे आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती भावाची पूर्ण आकाराची, जाड स्टीलच्या तारांची गिटार देऊन त्याने तिच्याप्रमाणे बदलावे अशी अपेक्षा असते. नेहमीच्या लाइट सेटच्या सहा स्टील तारांचा एकूण ताण ७० किलोच्या आसपास असतो, तर नायलॉनच्या तारांचा ४० किलोच्या घरात. लहान मुलाला तीन-चतुर्थांश आकाराची नायलॉन तारांची गिटार, किंवा स्टीलच हवी असेल तर एक्स्ट्रा लाइट तारा, हा साधा निर्णय आहे. मात्र स्टील तारांसाठी बनलेल्या गिटारला नायलॉनच्या तारा लावू नयेत, आणि नायलॉनच्या गिटारला स्टीलच्या तर मुळीच नाही, तिचा ब्रिज उखडू शकतो.

तेव्हा पुढच्या मे महिन्यासाठी आमच्या काही अपेक्षा आहेत. वाद्यांच्या दुकानदारांनी गिटार खोक्यातून काढून तशीच हातात देऊ नये. नटाच्या खाचा आणि तारांची उंची जुळवून, विकण्यापूर्वी गिऱ्हाइकासमोर एफ वाजवून दाखवावा. त्यासाठी थोडे पैसे वेगळे घेतले तरी पालकांनी कुरकुर करू नये, कारण नव्या बॅगेपेक्षा आणि रंगीत पट्ट्यापेक्षा हा खर्च जास्त कामी येतो. क्लासने एक नीट जुळवलेली गिटार वर्गात कायम ठेवावी, म्हणजे अडलेल्या मुलाला ती हातात देऊन फरक लगेच दाखवता येईल. पावसाळ्याच्या तोंडावर तारा बदलाव्यात आणि गणपतीनंतर गिटार पुन्हा एकदा तपासून घ्यावी. आणि ज्यांच्या घरात गेल्या वर्षीची गिटार कपाटावर आहे त्यांनी ती खाली काढावी, नव्या तारा चढवाव्यात, तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवरची फट पाहावी. फट मोठी दिसली तर मुलाला आधी तेवढे सांगावे आणि मग त्याला सोबत घेऊन गिटार दुरुस्तीला न्यावी.